बघितलं तेवढंच

जनुभाऊ म्हात्र्यांची आणि माझी ओळख एका कोंबडीमुळे झाली. रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते बॅग हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या पुढ्यात एक कोंबडी आपली पिल्लं घेऊन निवांत काहीतरी टिपत होती. मी शाळेतून दमूनभागून आलेली, डोक्यावर ऊन. म्हटलं, "अहो, हाकला की तिला." तर म्हणाले, "नाय बाई. तिची वाट हाय. जाऊ दे तिला." कोंबडीला कसलीच घाई नव्हती. ती जाईपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. माणूस दिसायला चांगला आहे, पण स्क्रू ढिला दिसतोय, असं माझं तेव्हा ठाम मत झालं.

ते आमच्या शेजारीच राहायला आले होते. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी रोह्याच्या दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून घर इथे. जनुभाऊ मूळचे पेणच्या खाडीकडचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. वर्षाचे दोन तुकडे करून जगणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पावसाळ्यात ते रोज एसटीने नागोठणे, गडब करत पेणला जायचे आणि गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. बाकीचे लोक साचे भरायचे, रंग द्यायचे. डोळे मात्र जनुभाऊंनीच काढायचे. आणि दसरा झाला की ते बोटीवर जायचे, ते थेट एप्रिलमध्ये परत.

आता बोटीवर जाणारी माणसं आमच्याकडे नवी नाहीत. पण ती दुबईकडे जातात, येताना टेपरेकॉर्डर आणि अत्तरं आणतात. जनुभाऊंची बोट जगाच्या तळाशी जायची. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून हौशी परदेशी लोकांना घेऊन अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या बेटांवर, मुख्यतः साउथ जॉर्जियाला. जनुभाऊ तिथे खलाशी. रबरी होडीतून लोकांना किनाऱ्यावर न्यायचं आणि येता-जाता बादली आणि ब्रश घेऊन प्रत्येकाचे बूट घासून धुवायचे, हे त्यांचं काम. एका बेटाचं बी किंवा माती दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून. तिथून खडा उचलायचा नाही, पीस उचलायचं नाही. जनावरापासून पंधरा पावलं लांब राहायचं. आणि जनावराने आपल्यामुळे वाट बदलली, तर चूक आपली.

हे नियम बोटीवरच्या सगळ्यांना होते. पण बाकीचे ते बोटीवर पाळत असतील. जनुभाऊंनी ते रोह्यात आणले. अष्टमी गावाच्या पुलावर म्हशी आडव्या आल्या की रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून "हॉर्न नको मारू" म्हणायचे. एसटी स्टँडवर झोपलेल्या कुत्र्याला पंधरा पावलांचा वळसा घालायचे. आणि घरात येणाऱ्याला आधी पाय धुवायला लावायचे. अगदी मलासुद्धा, आणि मी येत होते शेजारच्या ओट्यावरून.

तिथून खडाही आणायचा नाही म्हटल्यावर जनुभाऊ रिकाम्या हाताने यायचे. गल्लीतले लोक हसायचे. "जनुभाऊ, खरंच बोटीवर जाता की पेणलाच लपून बसता?" जनुभाऊही हसायचे आणि आत जाऊन शाडूचा गोळा भिजवायला घ्यायचे. कारण त्यांनी काय आणलंय ते बघायला घरात एक माणूस सहा महिने वाट बघत असायचं. त्यांची आई.

ठमाबाईंची नजर गेली होती. जन्म मिठागरावर गेला, पांढऱ्या मिठावरच्या उन्हात. त्यात काचबिंदू, तोही कळला तेव्हा फार उशीर झालेला. खिडकी कुठे आहे एवढं त्यांना कळायचं, बस. जनुभाऊ आले की आठ-पंधरा दिवस ओसरीवर बसून शाडूत एकेक जनावर घडवायचे आणि आईच्या हातात द्यायचे. ती चाचपायची, बोटं फिरवायची, प्रश्न विचारायची. सील, पेंग्विन, तिथे जुन्या लोकांनी नेऊन सोडलेली हरणं, सगळा प्राणिसंग्रह तिच्या खाटेशेजारच्या फळीवर. आणि एकालाही डोळे नाहीत.

डोळ्यांसाठी पेण तालुक्यात नावाजलेला माणूस, आणि त्याची जनावरं बिनडोळ्यांची! मला राहवेना. विचारलं, "आईंना दिसत नाही म्हणून का?"

"नाय बाई," ते ओशाळून म्हणाले, "हात खोटं बोलतो म्हनून."

मग ती गोष्ट कळली. पहिल्याच वर्षी बोटीवरच्या आचाऱ्याने त्यांना कणकेचा पेंग्विन करायला सांगितलं, जेवणाच्या टेबलावर मांडायला. जनुभाऊंनी चोच, मान, पोट असं हुबेहूब केलं की लोक उठून बघायला आले. शेवटी डोळे काढले. हाताने आयुष्यभर एकच डोळा काढलेला. पेंग्विनच्या तोंडावर गणपतीचे लांबट, अर्धे मिटलेले, कृपाळू डोळे आले! लोक पोट धरून हसले. एक म्हातारी बाई त्या बोटीवर पक्ष्यांची माहिती सांगायची, तिने हात जोडून त्या पेंग्विनला नमस्कार केला. तिने तो कौतुकानेच केला असणार. पण जनुभाऊंना फार लागलं. "जे बघितलं नाय ते हातानं काढलं," म्हणाले. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, बघितलं तेवढंच करायचं, बघितलं तेवढंच सांगायचं. पंधरा पावलांवरून डोळ्याची आखणी करण्याइतकं दिसत नाही, म्हणून डोळे नाहीत. विषय संपला.

या हट्टाचा मला फार राग यायचा. मी भूगोल शिकवते, अंटार्क्टिकावर आमच्या पुस्तकात जेमतेम पाव पान. त्यात मी पदरचं घालून घालून तास रंगवायचे. हिमवादळं, भुकेली अस्वलं वगैरे. एकदा ओसरीवर बसून मी ठमाबाईंना ऐटीत तेच ऐकवत होते. जनुभाऊ शाडू मळता मळता हळूच म्हणाले, "बाई, अस्वल तिकडं नसतं. ते वरच्या टोकाला." पंधरा वर्षं मी पोरांना दक्षिण ध्रुवावर अस्वल शिकवलं होतं. त्या दिवशी मी चहा न घेता घरी आले.

पण दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांची परवानगी काढून जनुभाऊंना नववीच्या वर्गावर बोलावलं, हे मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवते. आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, घाबरून घामाघूम. बोलणं सुचेना तेव्हा त्यांनी खडू घेतला आणि व्हरांड्यात एक रेघ मारली. मोजून अकरा फूट. म्हणाले, "हा आल्बट्रॉस, तिकडचा समुद्रपक्षी. ह्या पंखाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत." दोन पोरं हात पसरून रेघेवर उभी राहिली, तरी रेघ उरली. मग कोणाला काही सांगावं लागलं नाही, अख्खा वर्ग रेघेभोवती गोळा झाला.

त्या बेटावर व्हेल मारायची जुनी कंपनी आहे, ओसाड पडलेली. तिचं वर्णन मी पुढे इंग्रजी मासिकात वाचलं, त्यात सगळा हळहळीचा सूर. जनुभाऊंनी आमच्या पोरांना ती धाटावच्या कंपनीसारखी दाखवली. निम्म्या पोरांचे बाप तिथेच शिफ्टला जाणारे. "धक्क्यावर व्हेल ओढून आनायचे, सोलायचे, ह्या एवढ्या बॉयलरात शिजवून तेल काढायचे. शिफ्ट चालायच्या. कामगारांची क्वार्टर हायत, चर्च हाय, फुटबॉलचं मैदान हाय. आता सगळा गंज. बॉयलरच्या आडोशाला सील झोपतात. तो सोंडवाला सील असतो ना, बैलाच्या चौपट... सोंड मात्र अगदीच आखूड. आमच्या गणपतीच्या कारखान्यात कोन पास नाय करनार."

एका मुलीने म्हटलं, "तेव्हा वास केवढा येत असेल!"

"येत असंल. मी तवा नव्हतो." आणि पुढे म्हणाले, "व्हेल संपले, कंपनी बंद झाली. मानसं घरी गेली. जी मेली ती तिथंच पुरली. साधे कामगार, वीस-बावीस वर्षांची पोरं. मी जातो तवा त्यांच्याजवळ उभा राहतो थोडा वेळ. त्यांच्याकडं कोनी येत नाय. सगळे जातात त्या मोठ्या कप्तानाकडं."

त्या कप्तानाची गोष्ट त्यांनी सांगितली. त्याचं जहाज बर्फात फुटलं, तरी त्याने एका लहान होडीतून खवळलेला समुद्र ओलांडून हे बेट गाठलं, मदत आणली आणि आपली मागे राहिलेली माणसं एकूणएक जिवंत परत नेली. पुढे तो त्याच बेटापाशी वारला. बाकी साऱ्या थडग्यांचं तोंड पूर्वेला, त्याचं एकट्याचं दक्षिणेला. परदेशी पाहुणे तिथे जाऊन त्याच्या नावाने दारू पितात आणि थोडी जमिनीवर ओततात. जनुभाऊ पीत नसत; ते नुसती टोपी काढून उभे राहायचे. "एकूनएक मानूस घरी पोचवला," एवढंच ते पुन्हा म्हणाले. घरी पोचणं ही त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

स्वतः एप्रिलमध्ये पोचायचे, ते गल्लीच्या तोंडापासूनच हाक मारत. "आये गोऽऽ!" आणि घरातून ठमाबाईंची हाक यायची, "आलास रंऽऽ?" ती हाक ऐकली की सुनंदावहिनी चहा टाकायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही माझ्या घरात हातातलं काम ठेवून उठायचे.

एका एप्रिलमध्ये त्यांनी आईला राजा पेंग्विनची गोष्ट सांगितली, तेव्हा मी तिथे होते. किनाऱ्यावर लाखांनी पेंग्विन, सगळे सारखे. पिल्लाला तिथे सोडून आईबाप समुद्रात लांब जातात. परत येतात तेव्हा त्या गर्दीत उभे राहून हाक मारतात. पिल्लू नेमकी ती हाक ओळखतं आणि उत्तर देतं. चेहरा बघून नाही, आवाजावरून.

ठमाबाई पेंग्विनच्या मानेवरून बोट फिरवत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी तू आय, आन मी पिल्लू."

जनुभाऊ मान खाली घालून शाडू मळत राहिले. मी वर्गात पंधरा वर्षं जे शिकवू शकले नाही ते त्या न शिकलेल्या बाईला एका वाक्यात समजलं होतं.

आता शेवटच्या वर्षाचं सांगते. त्या एप्रिलमध्ये जनुभाऊंनी शाडूत आल्बट्रॉसचं घरटं घडवलं. मातीचा उंचवटा, त्यावर बसलेली आई आणि तिच्या पोटाखालून डोकावणारं मुठीएवढं पिल्लू. मार्चच्या शेवटच्या फेरीत त्यांनी ते एका टेकडीवर पाहिलं होतं. आता पुढे काय होणार, ते पक्ष्यांवाल्या म्हातारीने त्यांना सांगितलं होतं, आणि तसं स्पष्ट बजावूनच त्यांनी ते आईला सांगितलं. पिल्लू थोडं वाढलं की आईबाप त्याला एकटं सोडून खाणं आणायला हजारो मैल जातात. पिल्लू सगळा हिवाळा त्या घरट्यावर बसून राहतं, बर्फ अंगावर घेत. वर्षअखेरीला उडतं. उडालं तर.

ते पिल्लू ठमाबाईंनी मनावर घेतलं. बाहेर रोह्याचा पाऊस कोसळत असायचा आणि म्हातारी विचारायची, "जनू, तिकडं आता काय हाय रं?" "बर्फ, आये." "आन त्ये बसलंय?" "असंल." "असंल नको सांगू." "मंग मना ठाऊक नाय, आये." श्रावण गेला, गणपती गेले. मी एकदा त्यांची समजूत काढायला म्हटलं की अशी कितीतरी पिल्लं असतात तिथे. तर माझ्याकडे तोंड वळवून म्हणाल्या, "असतील गो बाय. पन मना हे ठाऊक हाय ना."

दसऱ्यानंतर जनुभाऊ निघाले तेव्हा ठमाबाईंची तब्येत बरी नव्हती. जावं की न जावं, असं त्यांना झालं होतं. म्हातारीनेच त्यांना लावून दिलं. "जा. बघून ये. उडालं का त्ये मना कळाया पायजे."

डिसेंबरात ठमाबाईंना न्यूमोनिया झाला. सुनंदावहिनींनी घरातच सलाईन लावलं. दम लागायचा, तरी दोन प्रश्न ठरलेले. फोन आला का, आणि काय बोलला. गल्लीत फोन फक्त माझ्याकडे. पहिल्या फेरीत वाऱ्यामुळे त्या बेटावर उतरता आलं नाही, एवढा एक फोन येऊन गेला होता. नाताळच्या सुट्टीत एका सकाळी पुन्हा घंटा वाजली. वहिनी ड्यूटीवर. मीच घेतला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"बाई, आई?"

"आहेत. थकल्यात, पण आहेत. उडालं का ते?"

ते म्हणाले, "घरटं रिकामं हाय, बाई. उडताना मी बघितलं नाय. हाड नाय पडलेलं, पंख नाय. घरट्यापासून कड्याकडं पायाचे ठसे हायत. कड्यापर्यंत. तेवढंच सांगा." आणि लाइन तुटली.

मी शेजारी गेले. हात धुतले, पाय धुतले, खाटेपाशी बसले. ठमाबाईंचा श्वास वाजत होता. मरणाच्या दारातल्या बाईला हाडं आणि ठसे काय सांगायचे? मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "फोन आला होता. उडालं हो तुमचं पिल्लू."

त्यांचा चेहरा फुलेल असं मला वाटलं होतं. तो तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "त्यानं बघितलं?"

नववीच्या पोराला कॉपी करताना पकडावं तशी मी पकडले गेले. म्हटलं, "नाही."

"मंग काय बघितलं त्ये सांग. मधी तुझं घालू नको."

मी सांगितलं. घरटं रिकामं. हाड नाही. पंख नाही. पायाचे ठसे, कड्याकडे, कड्यापर्यंत. जसंच्या तसं, त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने. म्हातारीने ते डोळे मिटून ऐकलं. पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी ठशांपाशी येताना त्यांची बोटं माझ्या तळहातावर एकामागून एक पुढे सरकली, आणि शेवटी उचलली गेली.

"उडालं," त्या म्हणाल्या. "ह्ये बघ. उडालं."

आणि मग जो त्यांचा चेहरा फुलला, तो माझ्या खोट्याने कधीच फुलला नसता. जनुभाऊंच्या हट्टाचा राग यायचा, असं वर लिहिलंय. तो त्या सकाळी संपला. आयुष्यभर एकही शब्द पदरचा न घालणारा मुलगा असला, तरच आईला त्याच्या चार ठशांवरून उडणारा पक्षी दिसतो.

जानेवारीत ठमाबाई गेल्या. बोट बर्फाच्या मुलखात, बंदर कित्येक दिवसांवर. एकूणएक माणूस घरी पोचवणाऱ्या कप्तानाला मानणारा हा माणूस स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला पोचू शकला नाही.

एप्रिलमध्ये ते आले तेव्हा गल्लीत हाक आली नाही. मी खिडकीतून पाहिलं, गल्लीच्या तोंडाशी बॅग घेऊन ते कितीतरी वेळ उभे होते. समोर कोंबडी नव्हती, कुत्रं नव्हतं, वाट मोकळी होती. शेवटी आले, पाय धुतले आणि घरात न जाता आधी माझ्या ओट्यावर बसले. "काय बोलली, तेवढंच सांगा."

मी सांगितलं. माझ्या खोट्यासकट सांगितलं. बोटं कशी चालली आणि कशी उचलली गेली, ते त्यांच्या तळहातावर करून दाखवलं. ते रडले, मीही रडले. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या वर्षी ते बोटीवर गेले नाहीत. पुढे वहिनींची बदली झाली आणि बिऱ्हाड पेणला हललं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भाद्रपदाच्या आधी, आमचा गणपती आणायला पेणला गेले होते तेव्हा. कारखान्याच्या दाराशी बादली होतीच, पाय धुतले. आत जनुभाऊ स्टुलावर बसून आखणी करत होते, भोवती शेकडो मूर्ती, निम्म्यांना डोळे आलेले, निम्म्या अजून वाट बघत असलेल्या. त्यांच्यामागच्या फळीवर एकच पक्षी. कड्याच्या टोकाशी, पंख पूर्ण उघडलेले, पाय जमिनीवरून नुकते सुटलेले.

आणि त्याला डोळे होते. लांबट, अर्धे मिटलेले, कृपाळू. आमच्या गणपतीचे असतात तसे.

मला मास्तरकी करायची सवय. म्हटलं, "काय हो जनुभाऊ, हे तुम्ही कधी बघितलंत?"

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, टोक बोटांनी नीट केलं.

"मी नाय बघितलं, बाई," ते म्हणाले. "तिनं बघितलं." आणि पुढची मूर्ती जवळ ओढून तिचा डोळा काढायला लागले.